अक्ष नसलेला आरसा

साधा गोल आरसा त्याच्या अक्षाभोवती कितीही फिरवा, वक्रता बदलत नाही. ‘फ्रीफॉर्म’ आरशाला असा अक्षच नसतो. त्यामुळे कमी आरशांत, कमी जागेत स्वच्छ प्रतिमा मिळते. उपग्रहात हे फार मोलाचे. अमेरिकेतील रॉचेस्टर आणि शार्लट येथील विद्यापीठांनी २०१३ साली यासाठी संयुक्त संशोधन केंद्र उभारले.

आकार हिऱ्याच्या टोकाने कातला जातो. आरशाच्या गिरकीगणिक हत्यार मागेपुढे सरकते. मग छोट्या साधनांनी पॉलिश.

खरा कस मोजमापात लागतो. हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा अप्रतिम घासलेला होता, पण चुकीच्या आकारात! तपासणीच्या उपकरणातले भिंग सुमारे १.३ मिलिमीटर सरकलेले होते.

वेब अवकाश दुर्बिणीच्या आरशाचे १८ षटकोनी तुकडे काटेकोर अर्थाने फ्रीफॉर्म नव्हेत, पण मोजमापाची अडचण तीच. बेरिलियमचे हे तुकडे कॅलिफोर्नियातील रिचमंडमध्ये घासले, अलाबामातील हंट्सव्हिलला उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून मोजले. थंडीने आकार जितका बिघडला, तितकाच उलट बिघाड पुढच्या पॉलिशमध्ये मुद्दाम घातला. अवकाशात गारठल्यावर आरसा नेमका हव्या त्या आकारात आला.