ऑर्डर ऑफ क्राइस्ट : तोमार ते गोवा

व्याख्या

सैनिकी धर्मसंघ म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही संन्यस्तांची व्रते घेतलेल्या योद्ध्यांची संघटना. जेरुसलेममध्ये १११९ च्या सुमारास स्थापन झालेला टेम्पलर संघ त्यांत सर्वांत ख्यातनाम. पोर्तुगालमधील ऑर्डर ऑफ क्राइस्ट, म्हणजेच ख्रिस्तसंघ, हा त्याचा वारस. टेम्पलरांच्या अंताभोवती दंतकथांचे रान माजले आहे. त्यामानाने या वारसाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. वास्तविक गोव्याशी आणि कोकण किनाऱ्याशी थेट संबंध याचाच आहे.

जमीन आणि किल्ले

बाराव्या शतकात पोर्तुगालची दक्षिण सीमा मुस्लिम राज्यांना भिडलेली होती. तेथील मुलूख राखण्याइतके बळ राजाकडे नव्हते. म्हणून तो टेम्पलरांना इनाम दिला जाई. त्यांनी किल्ले बांधायचे, कुळे वसवायची, सीमा सांभाळायची. टेम्पलरांचा तेथील प्रमुख गुआल्दिम पाइश याने ११६० मध्ये तोमारचा किल्ला उभारण्यास आरंभ केला. ११९० मध्ये अल्मोहाद या मुस्लिम राजवटीच्या सैन्याचा वेढा याच किल्ल्याने परतवला.

विसर्जन आणि पुनर्रचना

१३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने आपल्या राज्यातील टेम्पलरांची धरपकड केली आणि १३१२ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने संघच विसर्जित केला. मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या सैनिकी धर्मसंघाकडे जावी असे ठरले. परंतु आयबेरियातील राज्ये या आदेशातून वगळली गेली. पोर्तुगालचा राजा दिनिश याने त्या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. एवढ्या जमिनी हॉस्पिटलरांच्या हाती जाणे त्याला धोक्याचे वाटत होते. दीर्घ वाटाघाटींनंतर १३१९ मध्ये पोप बाविसावा जॉन याने नव्या संघास मान्यता दिली. टेम्पलरांच्या जमिनी, किल्ले आणि काही योद्धेही त्यात सामावले गेले. संघाचे ठाणे आधी अल्गार्व्हमधील काश्त्रु मारिं येथे होते. पुढे ते तोमारला आले.

सागरी मोहिमा

१२४९ मध्ये अल्गार्व्ह जिंकून झाल्यावर पोर्तुगालच्या भूमीवर मुस्लिम राज्यांना भिडणारी सीमाच उरली नव्हती. नव्या संघाजवळ उत्पन्न होते, पण जुने काम नव्हते. राजपुत्र हेन्री १४२० मध्ये संघाचा प्रशासक झाला आणि हे उत्पन्न आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शोधमोहिमांकडे वळू लागले. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस हे याच संघाचे चिन्ह.

धार्मिक अधिकार

संघाची खरी सत्ता तलवारीपेक्षा एका आज्ञापत्रात होती. १४५६ मध्ये पोप तिसरा कॅलिक्स्टस याने नव्याने हाती येणाऱ्या प्रदेशांतील धार्मिक अधिकार संघाकडे सोपवला. त्यामुळे त्या भागांतील चर्चे कोणत्याही बिशपच्या अखत्यारीत न येता तोमारला जोडली गेली. १५१४ मध्ये मदैरा बेटावरील फुंशाल येथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि हा अधिकार तिकडे गेला. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत त्यातून वेगळा काढण्यात आला. त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि तेथील चर्चेही या व्यवस्थेत आली.

१५५१ पासून संघप्रमुखपद कायमचे राजाकडे आले. चर्चसाठीचा दशांश कर वसूल करायचा, धर्मगुरूंना वेतन द्यायचे, चर्चे बांधायची आणि बिशपपदासाठी नाव सुचवायचे, अशी ही राजाश्रयाची पद्धत होती. तिला पाद्रुआदु म्हणतात.

मर्यादा

या बदलांत संघाचे मूळ रूप झिजत गेले. १४९६ मध्ये संघातील योद्ध्यांना, म्हणजे सरदारांना, विवाहाची मुभा मिळाली. १५२९ नंतर तोमारचे मठवासी एकांतवासी संन्यासी झाले आणि सरदारकी हा राजकृपेचा मान ठरला. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद केले, तोमारचाही त्यात आला.

पाद्रुआदुची ताकद मात्र राज्याच्या खजिन्यावर आणि आरमारावर अवलंबून होती. ती ओसरू लागताच रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतःचे खाते स्थापन केले. मुंबईत ब्रिटिशांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बाहेर काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. पुढे तेथील चर्चे पाद्रुआदु आणि रोम या दोन अधिकारांत वाटली गेली आणि त्यांचा वाद पोर्तुगाल व रोम यांच्यातील १९२८ च्या करारापर्यंत चालला.