मुक्या इंजिनाचा नाद

आमच्या माळ्यावर गेलीं दोन वर्षें एक चिमुकला लोहमार्ग नांदत आहे. परदेशीं नोकरीस असलेला आमचा पुतण्या सुटींत आला असतां त्यानें तो मांडून दिला, आणि तो परत गेल्यावर त्याचें राखणदारपण ओघानेंच आम्हांकडे आलें. "या वयांत खेळणीं?" असें मनांत आणणाऱ्या वाचकांस इतकेंच सांगावयाचें कीं, पिकल्या केसांचे उपासक या छंदास थोडे नाहींत, आणि पुण्यांतहि जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून थोरामोठ्यांनीं आवडीनें पाहिलेलें आहे.

आमचें इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढें आहे. रुळांतून विजेबरोबरच अंकरूप आज्ञा जातात; डी. सी. सी. नांवाच्या या पद्धतीचीं मानकें अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननें १९९० च्या दशकांत ठरविलीं. इंजिनाच्या पोटांतील डिकोडर त्या आज्ञा वाचून मोटार फिरवितो, व खऱ्या इंजिनांवरून ध्वनिमुद्रित केलेले फुसकारे आणि शिट्ट्या ऐकवितो.

येथेंच आमच्या घरांत तंटा उपस्थित झाला. वहिनींची दुपारची झोंप आणि नातीचा दहावीचा अभ्यास, या दोहोंस शिट्टी सारखीच बाधक! "भावोजी, या घरांत तें इंजिन तरी राहील, नाहीं तर मी तरी," असा वहिनींचा निर्वाणीचा खलिता आला. शिवाय आवाजहि मनासारखा नव्हता. बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरास हवेचा मोठा लोट हलवितां येत नाहीं. शिट्टी खणखणीत वाजते, पण छातींत घुमणारा खर्ज उमटतच नाहीं. हेडफोनास सबंध माळा हलवावयाचा नसतो, कानाजवळची चिमूटभर हवा हलविली कीं पुरे. म्हणून त्यांत तो खर्ज सांपडतो. बिनतारी हेडफोन घ्यावा, म्हणजे घरची शांतता आणि इंजिनाचा खर्ज दोन्ही पदरांत पडतील, असा आम्हीं हिशेब केला.

पुतण्यानें टेंडरमध्यें, म्हणजे इंजिनामागच्या कोळशापाण्याच्या गाड्यांत, ब्लूटूथचा इवला प्रेषक बसवून धाडला. नाद खरोखरच भरदार झाला. पण शिट्टीचें बटण दाबावें आणि शिट्टी मागाहून यावी! ब्लूटूथ आवाजाचे अंक करून त्यांच्या पुड्या बांधतो, आणि त्या कानाशीं पुन्हां सोडल्या जातात. या खटाटोपांत साधारण हेडफोनांत बहुधा दीडशें ते अडीचशें मिलिसेकंद जातात. गाणें ऐकतांना तें कळतहि नाहीं. येथें मात्र डोळा साक्षीस बसलेला असतो. दोन सिलिंडरांचें वाफेचें इंजिन चाकाच्या एका फेऱ्यांत चार फुसकारे टाकतें. खऱ्या इंजिनाचें चाक १.७ मीटर व्यासाचें धरलें, तर ताशीं १० किलोमीटर वेगास सेकंदाला सुमारें दोन फुसकारे येतात. प्रतिकृतीचा वेगहि चाकाच्याच प्रमाणांत घटलेला असल्यानें संख्या तीच राहते. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या तालांत पंचमांश सेकंदाची चूक! ताशीं ६० ला फुसकारे सेकंदाला बाराच्या वर जातात व एकांत एक मिसळतात. तेथें कोणास कांहीं उमगत नाहीं. खोट दिसते ती गाडी स्टेशनांतून हलतांना, आणि तेंच पाहण्यासाठीं तर हा सारा उपद्व्याप.

दुसरा मार्ग असा कीं, त्याच क्रमांकाचा आणखी एक डिकोडर टेबलाखालीं स्थिर ठेवावा, आणि त्याचा आवाज जुन्या धर्तीच्या इन्फ्रारेड हेडफोनांस द्यावा. यांत अंकांच्या पुड्या नसल्यानें उशीर जवळजवळ नाहींच. मात्र जोडतांना सावध असावें. डिकोडरकडून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यांतील कोणतीहि रुळास किंवा प्रेषकाच्या सामाईक तारेस थेट लागली तर डिकोडर जळण्याचें भय. मधें लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर आणि आवाज उतरविणारे रोध घालावे. आमचा एक डिकोडर या अज्ञानाच्या स्वाहाकारांत गेला.

या मार्गासहि एक उणेपणा आहेच. टेबलाखालच्या डिकोडरास चाक दिसत नाहीं, केवळ आज्ञेवरून वेग कळतो. चाक आणि फुसकारा यांचा मेळ बसला तर तो काकतालीय न्यायानेंच. तरी आम्हीं हाच मार्ग पत्करला, कारण शिट्टी हाताबरोबर वाजते.

प्रथम हेडफोन एकच होता. पांच वर्षांचा नातू शेजारीं उभा राहून विचारी, "आजोबा, गाडी मुकी झाली का?" सुदैवानें इन्फ्रारेडचे किरण खोलीभर पसरतात, त्यामुळें एका प्रेषकावर हवे तितके कान लावतां येतात, कोणाची पाठ आड आली कीं मात्र आवाज तुटतो. ब्लूटूथमध्येंहि एकाचा नाद अनेकांस देणारी ऑराकास्ट नांवाची सोय २०२२ मध्यें जाहीर झाली, पण आमचीं यंत्रें तिच्या आधींचीं. आम्हीं आणखी दोन हेडफोन आणविले.

त्यांतला तिसरा बरेच दिवस खुंटीवरच होता. एके दिवशीं चारच्या सुमारास वहिनी आपण होऊन जिना चढून आल्या. त्यांचें बालपण मिरज स्टेशनालगत गेलेलें. त्यांनीं हेडफोन लावला व डोळे मिटले. नातवानें शिट्टी वाजविली.

"मिरजेच्या गाडीची याहून बारीक होती, भावोजी. ही कोठली?"

"अमेरिकेंतली."

"मग आपल्याकडची मिळते का, तें विचारा त्याला," असें त्या म्हणाल्या. हेडफोन मात्र काढला नाहीं.

पुतण्यास आम्हीं त्याच रात्रीं निरोप धाडला आहे.