सांथ, दवाखाना आणि विमापत्रांतील शब्द



सांथ आली म्हणजे वैद्यानें आपला दवाखाना उघडा ठेवावा, अशी आपली सर्वांची अपेक्षा असते. तो उघडा ठेवल्यानें, किंवा सरकारच्या सांगण्यावरून बंद केल्यानें, त्याचें जें नुकसान होईल तें कोणीं भरून द्यावें, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों. २०२० सालच्या करोनाच्या सांथीनें तो विचारावयास लावला. आज त्याच प्रश्नाच्या एका अंगाविषयीं, म्हणजे वैद्यांच्या विम्याविषयीं, मी आपणांशीं बोलणार आहें. मी वकील नव्हे आणि विम्याचा एजंटहि नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना वाक्यपृथक्करण शिकविण्यांत गेलें. आणि या सांथीसंबंधींचे न्यायालयांचे निकाल वाचतांना मला त्यांत कायद्याइतकेंच व्याकरणहि आढळलें. मोठमोठ्या रकमांचे दावे एकेका शब्दाशीं अडून राहिले होते.

मुंबईला हा प्रसंग नवा नव्हता. १८९६ सालीं मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढल्याच वर्षीं सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला लागेल तो हुकूम काढण्याची त्यांत मुभा होती, हुकूम मोडणारास शिक्षा होती, आणि सद्हेतूनें काम करणारांस कोर्टकचेरीपासून संरक्षणहि होतें. रोग्यांची सेवा करतां करतां जो मरेल त्याच्या घरच्यांचें काय, याविषयीं मात्र एक अक्षर नव्हतें. त्याच १८९७ सालीं पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले वारल्या, हें आपणांस ठाऊक आहेच. हा जुना कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हा लागू झाला. त्याच्या आधारें राज्य सरकारनें नियम केले व पालिकांनीं हुकूम काढले. या हुकुमांपैकीं एकाकडे आपणांस लवकरच यावयाचें आहे.

तत्पूर्वीं विमा कंपन्या सांथीला एवढ्या भितात कां, तें पाहूं. हजार दुकानदारांनीं दरसाल थोडी थोडी वर्गणी भरावी, आणि त्यांतल्या ज्या एकाचें दुकान जळेल त्यास त्या गंगाजळींतून उभें करावें, एवढेंच विम्याचें तत्त्व आहे. एकाच दिवशीं सगळीं दुकानें जळत नाहींत, या भरंवशावर तें चालतें. सांथींत नेमका हाच भरंवसा ढासळतो. टाळेबंदीच्या दिवशीं हजारांपैकीं हजारहि दुकानें बंद होतात. वर्गणी देणारा कोणी उरत नाहीं, सगळे मागणारे होतात. म्हणून २००३ सालच्या सार्स रोगानंतर कंपन्या सावध झाल्या. अमेरिकेंत २००६ पासून विषाणूमुळें झालेलें नुकसान वगळणारें एक स्वतंत्र कलम धंद्याच्या विमापत्रांस जोडण्यांत येऊं लागलें. वर्गणीदाराच्या दृष्टीनें हें कठोर दिसतें. परंतु कंपनीच्या वहीखात्याच्या दृष्टीनें पाहतां त्यांत लबाडी आहे, असें मला वाटत नाहीं.

जें काम खाजगी गंगाजळीस पेलत नाहीं, तें सरकारास अंगावर घ्यावें लागतें. आपल्या केंद्र सरकारनें ३० मार्च २०२० पासून आरोग्यसेवकांसाठीं ५० लक्ष रुपयांची विमायोजना लागू केली. प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजचा ती एक भाग होती. विमापत्र न्यू इंडिया अॅशुरन्स कंपनीचें होतें. सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ सालीं मुंबईस काढलेली, आणि पुढें राष्ट्रीयीकरणांत सरकारी झालेली, ती हीच. योजनेचा सगळा हप्ता केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें भरावयाचा होता. नांवनोंदणीची अट नव्हती, वयाची मर्यादा नव्हती, आणि दुसऱ्या कोणत्याहि विम्याचे पैसे मिळाले तरी हे त्याहून वेगळे मिळावयाचे होते. आशा-सेविकांसह सुमारें २२ लक्ष १२ हजार सरकारी आरोग्यसेवक तींत धरलेले होते. प्रथम ती ९० दिवसांचीच होती; पुढें तिची मुदत वेळोवेळीं वाढविण्यांत आली. प्रारंभीं दाव्याचे कागद फार हिंडत असत, म्हणून जून २०२१ पासून जिल्हाधिकाऱ्यानें दाखला द्यावा व कंपनीनें ४८ तासांत पैसे द्यावे, असा बदल झाला.

आतां गंमत पाहा. योजनेंत खाजगी वैद्यांसहि जागा होती. पण ज्यांच्या सेवा सरकारनें करोनाच्या कामासाठीं 'रिक्विझिशन' केल्या असतील, म्हणजे अधिकारानें मागून घेतल्या असतील, त्यांनाच. साऱ्या वादाचें मूळ या एका शब्दांत आहे.

नवी मुंबईंत एक खाजगी वैद्य आपला दवाखाना चालवीत असत. ३१ मार्च २०२० रोजीं महानगरपालिकेची नोटीस निघाली: दवाखाना उघडा ठेवा, नाहीं तर कायद्यानें कारवाई होईल. त्यांनीं तो उघडा ठेवला. जूनमध्यें करोनानेंच त्यांचा अंत झाला. पत्नीनें ५० लक्षांचा दावा केला, तो नाकारण्यांत आला. ती मुंबई उच्च न्यायालयांत गेली. मार्च २०२१ मध्यें न्यायालयानेंहि तिच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, नोटिशींत दवाखाना उघडा ठेवण्यास सांगितलें होतें, करोनाच्या रोग्यांवर उपचार करण्यास नव्हे. सेवा मागून घेणें निराळें आणि दार बंद करूं नका म्हणणें निराळें.

हा भेद वरवर पाहतां निराधार नाहीं. आम्हां शिक्षकांस तो चांगला समजतो. निवडणुकीच्या कामास शिक्षकाला बोलावतात तेव्हां त्याच्या नांवाचा हुकूम येतो. अमक्या केंद्रावर, अमक्या दिवशीं, अमक्या वेळीं हजर व्हा. याला मागून घेणें म्हणतात. उलट, संपाच्या दिवशीं शाळा उघडी ठेवा असें परिपत्रक आलें, तर त्यानें कोणी शिक्षक निवडणूक-अधिकारी होत नाहीं. परंतु याच दाखल्याची दुसरी बाजूहि आहे. शाळा उघडी ठेवली तर तींत कोण येणार हें ठरलेलें असतें. एप्रिल २०२० मध्यें ताप-खोकल्याचा रोगी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला, तर तो करोनाचा आहे कीं साध्या पडशाचा, हें वैद्यानें दारांतच कसें ठरवावें? तपासण्या दुर्मिळ होत्या. दार उघडें ठेवा या हुकुमाचा त्या दिवसांतला खरा अर्थ, जो येईल त्याला तपासा, असाच होता. निदान मी तो तसा वाचला असता.

सर्वोच्च न्यायालयानेंहि अखेर तो बहुतेक तसाच वाचला. ११ डिसेंबर २०२५ रोजींच्या निकालांत न्यायालयानें एकटी नोटीस न पाहतां १८९७ चा कायदा, महाराष्ट्राचे २०२० चे नियम, पालिकेची ती ३१ मार्चची नोटीस आणि विमायोजनेचीं पत्रकें हीं सर्व एकत्र वाचलीं, व वैद्यांच्या सेवा मागून घेतल्या गेल्या होत्या असा निर्णय दिला. प्रत्येक वैद्याच्या नांवें स्वतंत्र हुकूम नव्हता म्हणून योजनेचें दार बंद, ही भूमिका त्यामुळें उरली नाहीं. वाक्याचा अर्थ संदर्भानें लावावा, हें आम्ही पांचवीच्या वर्गांत सांगत असूं. एका विधवेला तें वदवून घेण्यास पांच वर्षांहून अधिक काळ लागला.

येथवर वैद्याच्या प्राणाचा विचार झाला. त्याच्या धंद्याचें काय? दवाखाना बंद असला तरी भाडें थांबत नाहीं, परिचारिकेचा पगार थांबत नाहीं, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. याची कसोटी विलायतेंत लागली, आणि ती दंतवैद्यांच्या उदाहरणानें उत्तम समजते. दांतांच्या कामांत रोग्याच्या उघड्या तोंडाशीं वैद्याचा चेहरा असतो. म्हणून २५ मार्च २०२० रोजीं इंग्लंडांतील दंतवैद्यांस नेहमींचीं सर्व कामें थांबविण्यास सांगण्यांत आलें. दवाखाने पुन्हा उघडण्यास ८ जून उजाडला. ज्यांच्याजवळ धंदा खंडित झाल्याचा विमा होता त्यांनीं तो काढून पाहिला. अशा विम्याचा गाभा बहुधा आगीसारख्या प्रत्यक्ष नासधुशीचा असतो: इमारत जळाली, म्हणून धंदा थांबला, म्हणून नफा बुडाला. येथें तर खुर्ची, दिवा, यंत्रें सर्व शाबूत होतीं. मग आशा उरली ती जोडकलमांवर. सांथीच्या रोगाचें एक कलम असे, आणि सरकारी हुकुमानें जागा वापरतां न येण्याचें दुसरें.

रोगाच्या कलमांत पुन्हा दोन प्रकार होते. कांहीं विमापत्रांत रोगांची ठराविक यादी होती. तींत प्लेग असे, पटकी असे, पण ज्याचें नांवच २०२० सालीं पडलें तो करोना कोठून असणार? अशांना बहुधा कांहीं मिळालें नाहीं. दुसऱ्या प्रकारांत, सरकारनें कळविणें बंधनकारक केलेला कोणताहि रोग, अशी भाषा होती. इंग्लंडांत ५ मार्च २०२० रोजीं करोना त्या सदरांत घालण्यांत आला, आणि या विमापत्रांचें दार उघडलें. हप्ता तेवढाच, धंदा तोच. फरक यादी आणि 'कोणताहि' यांतला.

कंपन्या तरीहि देईनात. तेव्हां तेथील आर्थिक व्यवहारांच्या नियामकानें आठ कंपन्यांवर एक नमुन्याचा खटला भरला. सुमारें ३ लक्ष ७० हजार विमेदारांच्या हिताचा त्यांत संबंध येऊं शकेल, असा त्याचा अंदाज होता. १५ जानेवारी २०२१ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें बव्हंशीं विमेदारांच्या बाजूनें निकाल दिला. कंपन्यांचा एक युक्तिवाद असा होता कीं, हुकूम नसता तरी भीतीनें गिऱ्हाईक आलेंच नसतें. मग हुकुमामुळें नुकसान झालें कोठें? याला आधार एका जुन्या खटल्याचा होता. २००५ च्या कतरिना वादळानें अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहर उध्वस्त झालें, तेव्हां तेथील एका हॉटेलाला, तुमची इमारत शाबूत असती तरी ओस शहरांत कोण उतरलें असतें, असें सांगण्यांत आलें होतें. न्यायालयानें तो जुना निकालच चुकीचा ठरविला. मौज अशी कीं, त्या जुन्या प्रकरणांत निर्णय देणारांपैकीं दोघे, एक लवाद म्हणून व एक न्यायाधीश म्हणून, आतां याच न्यायपीठावर बसलेले होते, आणि आपलें पूर्वींचें मत त्यांनीं स्वतःच मागें घेतलें.

आणखी एक मुद्दा आपल्या नवी मुंबईच्या दाव्याशीं जुळतो. सरकारी हुकूम प्रत्येक वेळीं कायद्याच्या कलमाच्या रूपांतच असावयास पाहिजे असें नाहीं. आज्ञेची भाषा स्पष्ट असेल व ती पाळावीच लागेल असा तिचा रोख असेल, तर तिलाहि बंधन म्हणतां येईल, असें त्या न्यायालयानें सांगितलें. धंद्याचा एक स्वतंत्र भागच बंद पडला तरी विमा लागू होऊं शकतो, असेंहि सांगितलें. हुकूम ऐकणाऱ्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक होती काय, हेंच दोन्हीं न्यायालयांनीं शेवटीं पाहिलें.

आपल्याकडील लहान दवाखान्यांना विलायतेच्या निकालानें हुरळून जाण्याचें कारण नाहीं. एकूण ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीं १ एप्रिल २०२१ पासून येथें भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा हें ठराविक नमुन्याचें विमापत्र मिळतें. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगा अशीं संकटें त्यांत नांवानिशीं दिलेलीं आहेत. रोगाची सांथ त्यांत नाहीं. बुडालेल्या नफ्याचा विमा वेगळा काढतां येतो, पण तोहि सामान्यतः आधीं नासधूस झाली असेल तरच उपयोगी पडतो. जुलै २०२० मध्यें निघालेल्या करोना कवच विम्यांत आरोग्यसेवकांस हप्त्यांत शेंकडा ५ सूट होती; परंतु तो इस्पितळाच्या खर्चाचा विमा, बंद दवाखान्याच्या भाड्याचा नव्हे.

रोग्यानें हलगर्जीचा दावा केला तर त्यासाठीं वैद्य व्यावसायिक जबाबदारीचा विमा काढतात; १९९५ सालीं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं येते असा निकाल लागल्यापासून त्याची गरज वाढली. टाळेबंदींत अनेक वैद्यांनीं फोनवरून औषधें सांगितलीं. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक नियमांनीं त्याला मान्यता मिळाली, तरी आपल्या विमापत्रांत अशी दूरची तपासणी धरली आहे काय, हें ज्यानें त्यानें कंपनीकडून लेखी विचारून घ्यावें. तोंडी होकाराला दाव्याच्या दिवशीं किंमत नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें खाजगी वैद्यांच्या कुटुंबांना दावा मांडण्याची वाट मोकळी झाली, पैसे आपोआप मिळाले असें नव्हे. मृत्यु करोनासंबंधींचें काम करतांना झाला, हें विश्वसनीय पुराव्यानें दाखविण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. रोगाच्या तपासणीचा अहवाल, इस्पितळाचा मृत्युसारांश, मृत्यूचा दाखला आणि पालिकेची नोटीस हे कागद तर हवेतच. पण दवाखाना त्या दिवसांत खरोखर चालू होता व तेथें रोगी येत होते, हें सांगणारी मुख्य साक्ष म्हणजे रोग्यांची नोंदवही. लहान दवाखान्यांतून ती बहुधा कंपाउंडरच्या हातीं असते, आणि जागा सोडतांना रद्दींत जाते. ज्या घरांतून असा दावा अद्याप पुरा व्हावयाचा आहे, त्या घरच्या मंडळींनीं आधीं २०२० सालची ती वही शोधून काढावी, आणि तिच्या पानांच्या प्रती करून ठेवाव्या.