सहानुभूती नको, सामना हवा

विंबल्डनने चाकाच्या खुर्चीतील टेनिसपटूंना आपले दार एकदम उघडले नाही. २००५ साली पुरुषांच्या दुहेरीला प्रवेश मिळाला; एकेरीला मात्र २०१६ पर्यंत तिष्ठत राहावे लागले. कारण सांगितले जाई ते गवताचे. गवतावर चाके जड चालतात, चेंडू कमी उसळतो, सबब एकट्या खेळाडूला सारे कोर्ट सांभाळणे झेपणार नाही, असा हा युक्तिवाद. त्याचा पूर्वार्ध खरा होता. उत्तरार्ध खेळाडूंनी खोटा ठरविला. पहिल्या वर्षी आठ जण उतरले आणि स्कॉटलंडच्या गॉर्डन रीडने स्वीडनच्या स्टेफान ओल्सनला ६-१, ६-४ असे नमवून विजेतेपद पटकाविले.

या खेळाला दयेची दृष्टी लावणाऱ्यांनी त्याचे नियम पाहावेत. मुख्य सवलत एकच : चेंडूचे दोन टप्पे चालतात, आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. बाकी जाळे तेवढेच उंच, कोर्ट तेवढेच लांब-रुंद. ज्या हाती रॅकेट, त्याच हाताने चाकही फिरवावयाचे. थांबलेली खुर्ची हलविण्यास अधिक बळ लागते, म्हणून फटका मारताच तिला पुन्हा गती द्यावयाची. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावावाचून साधत नाही.

जपानच्या शिंगो कुनिएदाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नवव्या वर्षी मज्जारज्जूतील गाठीमुळे खुर्ची पत्करावी लागलेल्या या खेळाडूने इतर तिन्ही मोठ्या स्पर्धा व पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकली होती. विंबल्डनची एकेरी तेवढी उरली होती. ती त्याने २०२२ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, ब्रिटनच्या आल्फी ह्यूएटविरुद्ध पहिला सेट गमावूनही ४-६, ७-५, ७-६ अशी जिंकली. ऐन भराच्या वर्षांत त्याच्या नावावर हे विजेतेपद नव्हते, कारण ती स्पर्धाच भरत नव्हती! उणीव खेळाडूची नव्हे, आयोजकांची होती.

मिळालेला हक्कही आपोआप टिकत नाही. २०२० साली महामारीच्या काळात अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या आयोजकांनी चाकाच्या खुर्चीचे सामनेच वगळले होते. आम्हांला विचारले का नाही, असा जाब ऑस्ट्रेलियाच्या डिलन अल्कॉटसह खेळाडूंनी विचारला, तेव्हा निर्णय फिरवावा लागला. सामने झाले, पुरुष एकेरीत कुनिएदाच विजयी ठरला.

विंबल्डनने एकेरीचे दार उघडले त्याच २०१६ साली आपल्या संसदेनेही दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा संमत केला. त्यात क्रीडेचाही स्पष्ट समावेश आहे. तथापि कायद्याच्या कलमाने मैदानाची पायरी उतरता येत नाही. तेथे उतार बांधावा लागतो. झेपेल की नाही, हे खेळाडूने मैदानात ठरवावे. आयोजकांनी दारातच नव्हे, असे आम्हांस वाटते.