सुटलं कसं?

गिऱ्हाईक कंपनीच्या असेंब्ली लाइनवर बोल्ट निम्म्यात अडकला, की चाकणमधल्या पुरवठादाराच्या क्वालिटीवाल्याचा फोन वाजतो. फोटो व्हॉट्सॲपवर आधीच येऊन पडलेला असतो: ब्रॅकेटमधलं आट्यांचं भोक, त्यात तिरका थांबलेला बोल्ट आणि शेजारी आपल्या लॉटचं लेबल. लेबलावर तारीख, शिफ्ट, मशीन नंबर. नाकारायला जागाच नसते.

पहिले चोवीस तास कारण कुणी विचारत नाही. आधी माल अडवायचा. गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधला, वाटेत ट्रकमध्ये असलेला, आपल्याकडे पॅक होऊन पडलेला, सगळा. दोन पोरं गिऱ्हाइकाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसतात आणि एकेका भोकात गेज फिरवत राहतात. गेला तर हिरव्या मार्करचा ठिपका, अडला तर लाल बिन. मग एट-डी रिपोर्ट भरायला घ्यायचा. आठ पायऱ्यांची ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ साली पुस्तिकेत बांधली. आज चाकण-भोसरी पट्ट्यात हा रिपोर्ट कधीच न भरलेला क्वालिटीवाला शोधून सापडायचा नाही.

खरी कसोटी चौथ्या पायरीला. तिथे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं लागतात: दोष घडला का, आणि तो आपल्या गेटबाहेर सुटला कसा. आमच्या एका तक्रारीत पहिल्याचं उत्तर लवकर सापडलं. आटे अपुरे, कारण आटे पाडणारा टॅप झिजलेला. टॅप झिजला, कारण ठरलेल्या भोकांपेक्षा जास्त चालला. जास्त चालला, कारण मोजणारा काउंटर शून्यावर आला होता. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत मेंटेनन्सने मशीनची वीज काढली. शुक्रवारी सकाळी काउंटरने जुन्याच टॅपची मोजणी पहिल्यापासून सुरू केली.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र घाम फुटला. दर पन्नास पीसमागे एक गेजने तपासायचा, असं कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेलं. तपासणीचा कागद काढला, तर सगळ्या खुणा जागच्या जागी. पण आठ तासांच्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच तिरकसपणाच्या, एका दमात ओढलेल्या. गेज कुठे आहे विचारलं. ऑपरेटर म्हणाला, “सर, ते कॅलिब्रेशनला गेलंय. दुसरं मागितलं होतं, आलंच नाही.”

आम्ही उपाय लिहिला: ऑपरेटरला समज दिली. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरने रिपोर्ट त्याच संध्याकाळी परत पाठवला. त्याचं म्हणणं सरळ होतं: उद्या तिथे दुसरा माणूस उभा केला, तर गेज येणार आहे का? शेवटी काउंटरची मोजणी वीज गेली तरी टिकेल अशी सोय झाली, जादा गेज आलं, आणि सह्या करणाऱ्या सुपरवायझरपासून खरेदी विभागापर्यंत जबाबदारी नावानिशी लिहिली गेली.

यात सद्गुण वगैरे काही नाही. लाइन थांबली की गिऱ्हाइकाकडून भरपाई वसूल करणारी डेबिट नोट येते, म्हणून हे चालतं. आणि अगदी खालच्या फळीत, चार मशीनच्या शेडमध्ये, अजूनही ठेकेदाराच्या पोराला गेटवरूनच परत पाठवून रिपोर्ट बंद करतात, हेही मी पाहिलं आहे. तरी दुसरा प्रश्न फॉर्मवर छापलेला असतो. तो कोरा सोडता येत नाही.

याच पट्ट्यात, तळवड्यात, ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा महिला जागीच गेल्या, पुढे उपचार घेताना आणखीही दगावल्या. आग का लागली याची भरपूर चर्चा झाली, गुन्हा दाखल झाला. पण दुसरा प्रश्न इथेही आहे: दारूकाम करणारी शेड महापालिकेच्या हद्दीत उभी होती, बायका रोज तिथे कामाला जात होत्या. तपासणी कुणाची होती, खूण कुणी ओढायची होती, गेज कुणाकडे नव्हतं? परवाना, अग्निशमन, कारखाना निरीक्षण, पोलीस. एवढे विभाग असले की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. ‘मालकावर गुन्हा’ हे सार्वजनिक जीवनातलं ‘ऑपरेटरला समज दिली’ आहे. खरं असतं, पण पुरेसं नसतं.

सरकारी कामात डेबिट नोटेच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला ठाऊक आहे. माहिती अधिकार कायदा, २००५. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्द, तीस दिवसांची मुदत. सबळ कारणाशिवाय माहिती अडवली, तर कलम २० प्रमाणे माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो, तोही माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. अर्ज मात्र नीट लिहावा. ‘कारवाई का झाली नाही’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा अमुक भागातल्या तपासणी नोंदवहीची, अमुक तारखांची, सह्यांसकट प्रत मागावी.

अर्जही नको असेल, तर राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल, तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुढच्या सोमवारी पिंपरीत महापालिका भवनात जाऊन आपल्या गल्लीमागच्या शेडची तपासणी नोंद मागा, आणि खुणा एकाच पेनाच्या आहेत का तेवढं बघा.