सोने गंजत नाही, पण मोहोर झिजते

आसनगाव-शहापूर भागात लग्नसराई आली की सराफाकडे जुने दागिने मोडीत निघतात. त्यांत कधी पुतळी असते, कधी गिनी, क्वचित राणीच्या छापाची मोहोर. काट्यावर वजन होते, सोन्याचा भाव लागतो आणि व्यवहार संपतो. नाणे म्हणून तिची किंमत याहून कितीतरी अधिक असू शकते. ती बरीचशी ठरते नाण्याच्या अवस्थेवर, आणि अवस्था ओळखायला थोडे पदार्थविज्ञान लागते.

कंपनी सरकारच्या १८३५ च्या कायद्याने मोहोरेचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरले. हाच जुना तोळा. (आजचा सराफी तोळा दहा ग्रॅमचा, हे लक्षात असू द्या.) बारा भागांत अकरा भाग सोने, उरलेला भाग हिणाचा. शुद्ध सोने फार मऊ असते, म्हणून ही भेसळ मुद्दाम केलेली. तरीही बोटांवर, कापडावर, शेजारच्या नाण्यावर घासून सोन्याचे कण जातच राहतात. आधी झिजतो तो सर्वांत उंच भाग: राणीचा गाल, केसांच्या बटा, मुकुटाची टोके.

पण उठाव शाबूत असला म्हणजे झाले असे नाही. टांकसाळीत ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नवे नाणे दिव्याखाली तिरपे धरून फिरवले, तर या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. ही झळाळी एकदा गेली की परत आणता येत नाही. रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासलेले नाणे चकचकीत दिसते खरे, पण त्या रेषा पुसलेल्या असतात. जाणकार संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतो.

आता आपल्याकडची गंमत पाहा. त्याच १८३५ च्या कायद्याने चलन म्हणून रुपयाच मान्य केला. सोन्याचे नाणे देण्याघेण्यात कोणी स्वीकारलेच पाहिजे असे बंधन राहिले नाही. तेव्हा मोहोरा बाजारात फारशा झिजायला नकोत. पण त्या दागिन्यांत गेल्या. कडी झाळली, दोऱ्यात ओवली, आणि बाजारात न झिजलेली मोहोर गळ्यात झिजली. कडी काढली तरी झाळल्याची खूण कडेवर राहते. कित्येक तर मुशीतच गेल्या. म्हणून स्वच्छ कडेची, न घासलेली मोहोर दुर्मीळ.

अमेरिकेत निराळे कारण घडले. तिथले वीस डॉलरचे नाणे ३३.४४ ग्रॅमचे, नव्वद टक्के सोन्याचे. १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडील सोने सरकारजमा करवले. दुर्मीळ नाण्यांना सूट होती, पण बाकीची मोठ्या प्रमाणावर वितळवली गेली. मात्र १८५७ साली कॅलिफोर्नियाचे सोने नेणारे ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज वादळात बुडाले होते. १९८८ पासून त्यातून हजारो नाणी वर आली. त्यांतली पुष्कळशी त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेली, जणू कालच टांकसाळीतून निघालेली. खाऱ्या पाण्यात लोखंडाचा भुगा होतो. सोने तसेच राहते, आणि समुद्राच्या तळाशी त्याला घासणारा हात नसतो! अशा नाण्यांना तिथे १ ते ७० गुण देतात. ही पद्धत शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी सुचवली होती. ६० च्या पुढे न वापरलेली नाणी. तिथे एका गुणाने किंमत दुप्पटही होते. आम्हाला हे थोडे अतिच वाटते.

वर्गात मोहोर लागत नाही. पाच रुपयांची जुनी जाड नाणी जमवा. त्यांचे मूळ वजन प्रत्येकी ९ ग्रॅम. अशी वीस नाणी एकत्र तोला आणि १८० ग्रॅमला किती कमी भरतात ते पाहा. मग भिंगाने सर्वांत आधी काय पुसले गेले ते मुलांना शोधू द्या.

कोणाच्या घरी मोहोर असेलच, तर ती दोऱ्याने टांगून पाण्यात तोला. वजन सुमारे ०.६६ ग्रॅमने कमी भरते. तेवढ्याच वजनाचे पितळ असते तर सुमारे १.४ ग्रॅमने भरले असते. त्यानंतर मोहोर पुसू नका, नुसती मऊ कापडावर वाळू द्या आणि कडेला धरूनच उचला.