पाटी जेमिनीची, माल कधीचा?

सोनिवलीहून बदलापूर स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात आता एखाद्या तरी मोबाइलवर जेमिनी उघडलेलं दिसतं. कॉलेजची मुलं त्याच्याकडून असाइनमेंट लिहून घेतात, कुणी सोसायटीच्या सभेची सूचना मराठीत करून घेतं, कुणी स्वतःचा फोटो जुन्या सिनेमातल्या नायिकेसारखा शिफॉनच्या साडीत बघतं. गूगलच्या या चॅटबॉटला आधी बार्ड म्हणत, हे यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. आणि ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्याकडे त्याबद्दलच्या कहाण्या फार असतात.

गैरसमज : बार्ड फसला, म्हणून गूगलने तो बंद केला आणि जेमिनी नवं आणलं

फसगत खरी होती. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बार्डची घोषणा झाली तेव्हा जाहिरातीतच त्याने सांगून टाकलं, की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं पहिलं छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतलं. ते प्रत्यक्षात २००४ मध्येच चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने घेतलेलं होतं. चूक खगोलशास्त्रज्ञांनी पकडली आणि ८ फेब्रुवारीला एका दिवसात गूगलच्या मूळ कंपनीचं, अल्फाबेटचं, बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरलं. बार्डला बदनामी तिथून चिकटली ती चिकटलीच.

पण बंद काहीच झालं नाही. हे समजायला तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात : नाव, आपण उघडतो ते ॲप किंवा संकेतस्थळ, आणि त्याच्या आत उत्तर तयार करणारं मॉडेल. दुकानाची पाटी एका दिवशी बदलते, आतला माल दुसऱ्याच दिवशी. तसंच इथे घडलं. बार्ड सुरुवातीला लॅम्डा नावाच्या मॉडेलवर चालायचा. २१ मार्च २०२३ ला तो अमेरिका आणि ब्रिटनमधल्या लोकांसाठी खुला झाला. १० मे रोजी भारतासह १८०हून जास्त देश-प्रदेशांत पोचला, तेव्हा आत पाम २ हे मॉडेल आलेलं होतं. जुलैमध्ये तो मराठी शिकला. सप्टेंबरमध्ये त्याला जीमेल, ड्राइव्ह आणि नकाशे जोडले गेले. ६ डिसेंबर २०२३ रोजी गूगलने जेमिनी हे नवं मॉडेल जाहीर केलं आणि त्यातलं जेमिनी प्रो त्याच दिवशी बार्डमध्ये बसवलं, मात्र फक्त इंग्रजीपुरतं. मराठीसह चाळीसहून जास्त भाषांत ते १ फेब्रुवारी २०२४ ला आलं. नाव बदललं ८ फेब्रुवारीला.

म्हणजे मराठीत प्रश्न विचारणाऱ्याला नवं मॉडेल मिळालं ते जुन्या नावाखाली, आठवडाभर आधी. आणि ज्या दिवशी सगळीकडे ‘आता जेमिनी आलं’ असा गाजावाजा झाला, त्या दिवशी मराठीत फुकट वापरणाऱ्याच्या पदरात नावाशिवाय नवं काही पडलं नाही. अल्ट्रा हे मोठं मॉडेल महिन्याला १,९५० रुपये मोजणाऱ्यांसाठी होतं. त्यानंतर नाव तेच राहिलं आणि आतलं मॉडेल मात्र १.५, २.०, २.५ असं सरकत नोव्हेंबर २०२५ मध्ये ३ वर गेलं. ‘मी दोन वर्षांपूर्वी जेमिनी वापरून बघितलं, काही कामाचं नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याने आजचं मॉडेल बघितलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. तसंच ‘मित्राच्या फोनवर बरोबर आलं, माझ्या फोनवर चुकीचं’ याचंही एक कारण हे असू शकतं : एकाच नावाखाली दोघांना वेगळी मॉडेलं मिळालेली असतात.

नाव का निवडलं, याचं कारण साधं आहे. एप्रिल २०२३ मध्ये गूगलने ब्रेन आणि डीपमाइंड या आपल्या दोन संशोधन चमू एकत्र केल्या आणि त्या जोडीवरून मिथुन राशीचं नाव घेतलं. त्यात नासाच्या जेमिनी अवकाश मोहिमेचीही आठवण होती. बाकी मला तरी यात बाजाराचा हिशोबच जास्त दिसतो. मॉडेलचं एक नाव, बॉटचं दुसरं, ऑफिसातल्या साधनांचं तिसरं (ते ‘ड्युएट एआय’ होतं, तेही फेब्रुवारी २०२४ मध्येच जेमिनी झालं) हे गिऱ्हाइकाला समजावत बसण्यापेक्षा सगळ्यांवर एकच शिक्का मारलेला बरा. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘बिंग चॅट’चं ‘कोपायलट’ असंच केलं.

उलटं उदाहरण आपल्या रेल्वेचंच आहे. आयआरसीटीसीचा ‘आस्कदिशा’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तो फक्त शंकानिरसन करायला. पुढे त्याच नावाला नुसतं २.० जोडलं गेलं आणि तो आरक्षित तिकीट काढून देऊ लागला, रद्द करू लागला, पीएनआर सांगू लागला. नाव जवळपास तेच, काम पार वेगळं.

गैरसमज : नवं मॉडेल आलं, म्हणजे आता चुका होत नाहीत

कमी झाल्या आहेत. गेलेल्या नाहीत. नाव बदलून दोन आठवडे होतात तोच जेमिनीने ऐतिहासिक व्यक्तींची अशी काही चुकीची चित्रं काढली, की गूगलला २२ फेब्रुवारी २०२४ रोजी माणसांची चित्रं काढण्याची सोयच तात्पुरती थांबवावी लागली.

मजकुराच्या चुकांचं मूळ मात्र वेगळं आहे. ही मॉडेलं आधीच्या मजकुरानंतर कोणता तुकडा येणं संभवनीय आहे ते ठरवत वाक्य पुढे नेतात. म्हणून न घडलेला खटला, न लिहिलेलं पुस्तक, नसलेला शासन निर्णय ती अगदी खऱ्याच्या थाटात, क्रमांक आणि तारखेसकट लिहू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीबाबतचा प्राप्तिकर विभागाचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. एआय यंत्रणेने समोर टाकलेला निकाल पडताळल्याशिवाय वापरू नये, असं न्यायालयाने बजावलं. त्या प्रकरणात बोट जेमिनीकडे नव्हतं. हा दोष एका कंपनीचा नाहीच. पण सोसायटीच्या भांडणात बॉटने सांगितलेलं कलम घेऊन निबंधकांकडे धावणाऱ्याने ते आधी मूळ कायद्यात उघडून बघावं.

गैरसमज : आत्ता काय चाललंय ते त्याला कळतं

बदलापुरात हा समज जुलैत सर्वांत महाग पडू शकतो. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आहे आणि धोक्याची १७.५० मीटर. पश्चिमेकडच्या नदीकाठच्या वस्त्यांत पावसाळी रात्री हे दोन आकडे लोकांना तोंडपाठ असतात. २६ जुलै २००५ इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

आता रात्री दोन वाजता कुणी फोनवर विचारलं, ‘उल्हासचं पाणी किती चढलंय?’ तर काय होतं? मॉडेल घडवताना त्याला दिलेला मजकूर एका तारखेपाशी थांबलेला असतो. त्यानंतरचं जग त्याच्यात नसतं. मग ते गूगलवर शोध घेतं, सापडलेली पानं वाचतं आणि त्यांचा सारांश देतं. ही सोय बार्डला पहिल्यापासून होती आणि स्पर्धेत ती त्याची मोठी जमेची बाजूही होती. पण शोधात जे पान सापडेल तेवढंच ताजं उत्तर. नदी प्रत्यक्ष मोजणारं साधन बॉटला जोडलेलं नाही. ‘उल्हास नदीने धोक्याची पातळी ओलांडली’ ही बातमी अनेक पावसाळ्यांत जवळपास त्याच शब्दांत छापून येते, त्यामुळे गेल्या वर्षीची बातमी आजची म्हणून सारांशात शिरणं अवघड नाही. मध्यरात्री तर नवी बातमी मुळात लिहिलेलीच नसते. अशा वेळी उत्तराखालचा दुवा उघडून तारीख बघावी, आणि खरं म्हणजे नगरपालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन लावावा.

याच समजाचं भावंड म्हणजे ‘मी त्याची चूक दुरुस्त केली, आता ते सगळ्यांना बरोबर सांगेल’. तसं होत नाही. दुरुस्ती त्या संभाषणापुरती, फार तर तुमच्याच खात्यापुरती लक्षात राहते. संभाषणं पुढच्या प्रशिक्षणात वापरली जाऊ शकतात, पण शेजाऱ्याच्या फोनवरचं उत्तर त्या संध्याकाळी बदलत नाही.

गैरसमज : मराठी त्याला येत नाही, ते नुसतं भाषांतर करतं

मराठी बार्डला १३ जुलै २०२३ पासून येऊ लागली. नऊ भारतीय भाषा त्या दिवशी एकदम आल्या. जेमिनीचं मोबाइल ॲप १८ जून २०२४ ला भारतात आलं तेव्हाही मराठी होतीच, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोलून गप्पा मारायच्या ‘लाइव्ह’ सोयीत हिंदीपाठोपाठ मराठीसह आठ भाषांची घोषणा झाली. अशी मॉडेलं मराठी वाक्य आधी इंग्रजीत करून मग उलटवत नाहीत. अनेक भाषांच्या मजकुरावर ती एकत्रच घडवलेली असतात. अडचण त्या मजकुराच्या प्रमाणाची आहे. इंग्रजीचा डोंगर, मराठीची टेकडी. त्यामुळे उत्तर व्याकरणात बसतं, पण चाल परकी लागते. प्रमाण मराठीची ही कथा, तर या पट्ट्यातली आगरी बोली बोलून बघा : ती बोलली जाते भरपूर, लिहिली जाते कमी, आणि मॉडेल शिकतं ते मुख्यतः लिहिलेल्यावर.

गैरसमज : ‘नॅनो बनाना’ हे साड्यांचं वेगळं ॲप आहे

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या जेमिनीच्या चित्र-मॉडेलचं हे टोपणनाव, आणि ते जेमिनीच्या आत मिळतं. सप्टेंबरमध्ये साडीतल्या फोटोंची लाट आली तेव्हा जेमिनीची नक्कल करणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असा इशारा तेलंगणातले आयपीएस अधिकारी व्ही. सी. सज्जनार यांनी दिला होता. तयार झालेल्या चित्रात ‘सिंथआयडी’ ही डोळ्यांना न दिसणारी खूण असते. ती चित्र कुठून आलं हे ओळखायला. चित्राचा गैरवापर ती थांबवत नाही.

‘फोटो लगेच पुसला जातो’ हेही खरं नाही. साठवणुकीचं मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर संभाषण १८ महिने साठतं. बंद केलं तरी ७२ तास राहतं. काही संभाषणं माणसं तपासतात, आणि तपासलेली तीन वर्षांपर्यंत ठेवली जाऊ शकतात. हे सगळं गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे, गोपनीय काही टाकू नका या सूचनेसकट. आधार कार्डाचा फोटो टाकून ‘यावरून अर्ज भरून दे’ म्हणणाऱ्यांनी ते पान एकदा वाचावंच.

गैरसमज : जिओचं सिम असेल तरच फुकट

साधं जेमिनी कुणालाही फुकट आहे, कुठल्याही सिमवर. ३० ऑक्टोबर २०२५ ला जिओने फुकट देऊ केली ती ‘प्रो’ योजना : १८ महिने, किंमत ३५,१०० रुपये सांगितलेली, आणि अट अमर्यादित ५जी प्लॅनची.

गैरसमज : ‘ओके गूगल’ म्हटल्यावर बोलतं ते जेमिनीच

असेल किंवा नसेलही. गूगल असिस्टंट २०१६ पासून आहे आणि ते वेगळ्या तंत्रावर उभं आहे : ठरावीक आज्ञा ओळखायची, ठरावीक काम करायचं. गजर लावणं, दिवा बंद करणं यात ते तरबेज होतं. फोनवरच्या असिस्टंटची जागा जेमिनी घेणार, असं गूगलने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. वर्षअखेरीची मुदत नंतर २०२६ मध्ये ढकलली. म्हणून सध्या एकाच घरात आजीच्या जुन्या फोनवर असिस्टंट आणि नातवाच्या फोनवर जेमिनी असू शकतं, आणि एकाच हाकेला दोघं वेगळी उत्तरं देतात. आपल्याकडे कोण आहे ते गूगल ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल असिस्टंट’ या पर्यायात दिसतं.